खुराड्यातला उंदीर आपल्याच फडातला



आम्ही शेतकी खात्याची माणसे वस्तीवर आलो की लागणीची नोंद, तोडीचा नंबर आणि बिलाचा हप्ता यापलीकडे बोलणे सहसा जात नाही. गेल्या हंगामात मात्र एका सभासदाच्या घरच्या बाईंनी आम्हाला अंगणातच उभे केले. म्हणाल्या, "सायेब, तुमच्या औषधानं माझ्या अकरा कोंबड्या गेल्या. आता उसाचं काय इचारता?"

झाले होते असे. फडात उंदीर फार झाला म्हणून गट ऑफिसातून झिंक फॉस्फाईडच्या पुड्या वाटल्या होत्या. त्यातली उरलेली पुडी घरी गेली. खुराड्यातून अंडी आणि पिल्ले जात होतीच, तेव्हा ज्वारीच्या भरड्यात ती काळी पावडर कालवून खुराड्याच्या कडेला ठेवली. पहाटे कोंबड्या सुटल्या आणि थेट त्यावरच तुटून पडल्या. चूक त्या घरची म्हणून आम्हाला हात झटकता आले असते. पण पुडी दिली आम्हीच, आणि उरली तर परत आणा, घराजवळ वापरू नका, हे सांगितले नाही तेही आम्हीच. या विषाला उतारा नाही. त्या अंगणात लेकरेही खेळत होती.

कोंबड्या हा कारखान्याचा विषय नव्हे, असे आमच्यातलेच काहीजण म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. उसाचे बिल मालकाच्या खात्यावर जाते. अंड्याचा पैसा बाईच्या हातात राहतो. वही-पेन्सिल, दवाखाना त्यातून निघतो. आणि उंदीर तरी कुठला? पडलेल्या उसात, पाचटाखाली, बांधाच्या बिळात तो वर्षभर पोसलेला असतो. फड तुटला की आसरा जातो, मग शेजारचे पीक नाहीतर जवळची वस्ती. कोंबडीचे अंडे उबायला 21 दिवस लागतात, उंदरीण साधारण तितक्याच दिवसांत विते. तेव्हा मारत बसून हा हिशेब मिटायचा नाही.

आमचे म्हणणे, आधी त्याचे जेवण बंद करा. उंदीर पहिल्यांदा येतो तो सांडलेल्या कणीसाठी. अंडे आणि पिल्लू त्याला नंतर सापडते. दिवेलागणीच्या आत दाणे उचलावेत, उरलेला भरडा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावा, अंडी रोजच्या रोज काढावीत. खुराड्याला लागून तुराट्या-पराट्यांचा ढीग नको. आपल्याकडे तो हमखास तिथेच असतो. बाजारात कोंबडीची म्हणून षटकोनी जाळी मिळते, ती कोंबडीला आत ठेवते, उंदराला बाहेर नाही. अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी घ्यावी, महाग पडली तरी. खाली शहाबादी फरशी घालून सांधे सिमेंटने भरावेत, किंवा खुराडे दोन फूट उंच पायांवर घेऊन पायांना गुळगुळीत पत्रा मारावा. एवढे करून उंदीर राहिला तर पिंजरा लावावा. आणि धामण दिसली की काठी उचलणे आता सोडा. ती बिनपगारी राखणदार आहे. पिल्ले मात्र तिच्यापासूनही झाकावीत.

उंदीर किती महाग पडतो हे आपल्या भागाला नवे नाही. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीचा भूकंप झाला. भीतीने पुष्कळांनी घरे सोडली, धान्य आतच राहिले. पुढल्याच वर्षी, 1994 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात, शेजारच्या बीड जिल्ह्यातील मामला गावी प्लेगची साथ आली. टाकलेल्या घरांतल्या धान्यावर उंदीर वाढले, असे तेव्हा जाणकारांनी सांगितले. प्लेग पसरवते ती उंदराच्या अंगावरची पिसू. म्हणून औषध न घालता उंदीर पटापट मरू लागले तर हात लावू नये. प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावे.

फडात विष लागतेच, त्याला आमची ना नाही. पण पुड्या वाटण्याची पद्धत बंद व्हावी असे आमचे स्पष्ट मत आहे. दोन-तीन दिवस साधा भरडा टाकून उंदराची भीड मोडावी, मग गटाच्या माणसांनी दोन टक्क्यांचे आमिष स्वतः कालवून बिळात घालावे आणि बीळ बुजवावे. आणि हे सगळ्या शिवारात एकाच वेळी, तोडी सुरू होण्याच्या आधी. एकट्याने केले तर शेजाऱ्याचा उंदीर आठ दिवसांत त्याच बिळात राहायला येतो.

येत्या गट सभेत हा विषय आम्ही मांडणार आहोत. सभासदांनी घरच्या बायकांना बरोबर आणावे. खुराड्याचा व्यवहार त्यांना ठाऊक, आपल्याला नाही.

त्या बाईंनी पुन्हा सहा तलंगा घेतल्या आहेत. फरशी झाली, जाळीची एक बाजू राहिली आहे, तेवढ्यापुरते रात्री डाले झाकतात.