गारेच्या पोटातले जिवाणू

काटोल-नरखेडच्या संत्रापट्ट्याला फेब्रुवारी-मार्चची गारपीट दुहेरी फटका देते. झाडावर मृग बहाराची फळे तोडणीला आलेली असतात आणि आंबिया बहाराची फुलेही त्याच सुमारास उमलत असतात. वादळ ओसरले की पंचनामे होतात, जखमी फांद्यांवर बोर्डो मिश्रण फवारले जाते, गळलेल्या फळांचे काय करायचे यावर खल चालतो. तोवर गार वितळून गेलेली असते. वनस्पतिरोगतज्ज्ञांनी खरे तर तिलाच आधी ताब्यात घ्यायला हवे.

जून २०१० मध्ये अमेरिकेतल्या मोंटाना स्टेट विद्यापीठाच्या आवारात पाच सेंटीमीटरहून मोठ्या गारा पडल्या. संशोधक अलेक्झांडर मिशो यांनी त्या थराथराने तपासल्या, तेव्हा जिवाणूंची दाटी गाभ्यात आढळली. म्हणजे गार जिथून वाढू लागते, नेमकी तिथेच.

यात चमत्कार नाही. शुद्ध पाण्याचा सूक्ष्म थेंब उणे ३८ अंशांच्या आसपासपर्यंत न गोठता राहू शकतो. पानावर राहणारा स्युडोमोनास सिरिंजी हा जिवाणू मात्र त्याला उणे २ अंशांनाच गोठवू शकतो, कारण त्याच्या पेशीवरचे प्रथिन पाण्याच्या रेणूंना बर्फाच्या रचनेत बसवते. गोठून पानाच्या पेशी फाटल्या की या जिवाणूला आत शिरायला वाट मिळते. असे जिवाणू वाऱ्याने ढगात जातात आणि बर्फ-पावसाबरोबर पुन्हा पिकावर उतरतात, ही डेव्हिड सँड्स यांची १९८२ ची मांडणी. ब्रेंट ख्रिस्टनर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ठिकठिकाणचे ताजे हिम तपासले, तेव्हा अंटार्क्टिकाच्या हिमातही असे जैविक गोठणकण सापडले. तिथे अर्थात कमी.

हेच ख्रिस्टनर पुढे अंटार्क्टिकात सुमारे ८०० मीटर बर्फाखालच्या व्हिलान्स सरोवरातल्या जिवाणूंवरच्या २०१४ च्या शोधनिबंधाचे प्रमुख लेखक होते. तिथे छिद्र पाडायचे गरम पाणीसुद्धा गाळून, अतिनील किरणांखालून नेले होते. बाहेरचा एक जंतू आत गेला तरी निष्कर्ष संशयास्पद ठरतो. ध्रुवीय बर्फाचे नमुने आपल्याकडे वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रात उणे २० अंशांत जपले जातात. या नमुन्यांचा हाताळलेला बाहेरचा भाग काढून आतला तपासतात.

नरखेडच्या गारेलाही हीच शिस्त लावता येईल. पडताक्षणी निर्जंतुक पिशवी, मग डीप फ्रीझर. मातीला लागलेला थर निर्जंतुक पाण्याने धुऊन टाकायचा, गाभा वितळवायचा आणि त्याचे थेंब किती अंशांना गोठतात ते नोंदवायचे. तोच नमुना ९५ अंशांपर्यंत तापवून पुन्हा गोठवायचा. गोठणबिंदू घसरला, तर धुळीपेक्षा उष्णतेने मोडणाऱ्या प्रथिनावर संशय घ्यायचा.

एवढ्यावरून ‘गाररोधक’ फवारणी विकायला कुणी निघाले, तर त्याला दारातूनच परत पाठवावे. १९८७ मध्ये कॅलिफोर्नियात बटाटा आणि स्ट्रॉबेरीवर बर्फ न बनवणारे जिवाणू फवारले होते, पण ते थंडीत पीक गोठू नये म्हणून. गारपिटीशी त्यांचा संबंध नव्हता. बागायतदाराला आज गारेपासून वाचवते ती जाळीच. तपासणी करणाऱ्यांनी मात्र गारेसोबत त्याच बागेतली, त्याच दिवशीची पानेही घ्यावीत आणि पिशवीवर वेळ, गाव व बहार लिहावा.