जुन्या ट्रॅक्टरचं मॅनिफोल्ड बदलून ताकद वाढते काय?



सोयाबीन निघालं. आता हरभऱ्या-गव्हासाठी वावर तयार करायची घाई आहे. या दिवसांत जुना ट्रॅक्टर दम सोडतो आणि मालक मेकॅनिककडे पळतो. गेल्या आठवड्यात शेजारच्या गावच्या एका भावाचा फोन आला. पंचवीस वर्षांचा तीन सिलिंडरचा ट्रॅक्टर, रोटाव्हेटरला ओढत नाही. कोणीतरी सांगितलं की हवेचं मॅनिफोल्ड बदलून मोठ्या तोंडाचं बसव, मोठा पाइप टाक, पंपाचा स्क्रू थोडा खोल, पाच-सात एचपी सहज वाढते. खर्च अठरा हजार. मोबाइलवर तसे व्हिडिओही फिरतात. तो म्हणे, काका, तुम्ही काय म्हणता?

त्याला जे सांगितलं तेच इथं सविस्तर लिहितो, कारण अठरा हजार म्हणजे त्याच्या हरभऱ्याचं बियाणं आणि खत आहे.

माझं मत सरळ आहे. टर्बो नसलेल्या जुन्या डिझेल ट्रॅक्टरचं मॅनिफोल्ड धड असेल तर ते बदलून हाती काही लागत नाही. तडा गेला असेल, तोंड वाकडं झालं असेल, गॅस्केटातून हवा ओढत असेल तर जरूर बदला, पण कंपनीच्याच मापाचं. ती दुरुस्ती झाली. त्याला ताकद वाढवणं म्हणू नये.

आता काहून ते सांगतो.

मॅनिफोल्ड म्हणजे एअर क्लीनरकडून आलेली हवा तीन किंवा चार सिलिंडरमध्ये वाटून देणारी नळी. घरच्या पाण्यासारखं समजा. टाकीतून एक पाइप येतो, पुढे तीन नळांना फाटा फुटतो. नळाला पाणी कमी येत असेल तर आधी टाकी पाहायची, गाळ पाहायचा, पाइप कुठं चेपला ते पाहायचं. फाट्याचा तुकडा मोठा बसवून पाणी वाढत नाही.

थोडा हिशोब करू. अडीच लिटरचं चार स्ट्रोक इंजिन 2000 आरपीएमवर चालते तेव्हा दर दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण हवा ओढते. म्हणजे मिनिटाला 2500 लिटर. प्रत्यक्षात सिलिंडर पूर्ण भरत नाही, पंधरा-वीस टक्के कमीच धरा. तरी मिनिटाला दोन हजार लिटर झाले. 200 लिटरचे दहा ड्रम, दर मिनिटाला! तासाला सव्वा लाख लिटर. आणि एक लिटर डिझेल पूर्ण जळायला कमीत कमी 12 किलो हवा लागते, म्हणजे दहा हजार लिटरच्या घरात. डिझेल इंजिनला धूर न करता चालायचं तर याहून बरीच जास्त पाहिजे.

म्हणजे हवा महत्त्वाची आहे हे खरंच. पण ती अडते कुठं? जुन्या ट्रॅक्टरमध्ये बहुतेक वेळा एअर क्लीनरमध्ये अडते, चेपलेल्या होजमध्ये अडते, नाहीतर हेडच्या आतल्या वाटेत आणि व्हॉल्व्हपाशी. कंपनीनं मॅनिफोल्ड 2000-2200 आरपीएमच्या हिशोबानंच ओतलेलं असते. त्या वेगाला ते पुरते.

मग मोटारवाले लोक मॅनिफोल्ड बदलतात ते काय येडे आहेत? नाही. त्यांचं गणित वेगळं आहे. पेट्रोल इंजिन पाच-सहा हजार आरपीएमला फिरते. तिथं हवेचा वेग इतका होतो की अरुंद नळी गळा धरते. नळीची लांबी बरोबर ठेवली तर हवेच्या लाटेचा धक्का व्हॉल्व्ह उघडायच्या वेळेलाच पोचतो आणि सिलिंडर जास्त भरते. शिवाय पेट्रोलमध्ये हवेवरच ताकद ठरते, पाय दाबला की हवेची झडप उघडते. आपल्या डिझेल ट्रॅक्टरात साधारणपणे अशी झडपच नसते. हवा पूर्ण मोकळी येते, आणि ताकद किती द्यायची ते पंप आणि गव्हर्नर ठरवतात. मॅनिफोल्ड मोठं केलं, पंप तेवढंच डिझेल देत राहिला, तर ताकद वाढेल कुठून?

शेतीच्या यंत्रांतही मॅनिफोल्ड बदलून खरा फायदा झाल्याचं एक उदाहरण आहे, ते लपवत नाही. जुन्या काळी रॉकेलसारख्या इंधनावर चालणारे ट्रॅक्टर होते, फर्ग्युसनच्या करड्या ट्रॅक्टरचा तसा एक प्रकार होता. ते इंधन गार हवेत नीट वाफ होत नाही, म्हणून हवेची नळी मुद्दाम धुराच्या नळीला चिकटवून तापवत. तापलेली हवा पातळ असते, सिलिंडरमध्ये कमी भरते. असा ट्रॅक्टर पेट्रोलवर घेतला की गरम मॅनिफोल्ड काढून गार बसवण्यात अर्थ होता. तिथं अडथळा मॅनिफोल्डातच होता. आपल्या डिझेलमध्ये तो तिथं नाही. मुद्दा एवढाच.

खरी मेख अठरा हजारांच्या पॅकेजमधल्या शेवटच्या कामात आहे, पंपाचा स्क्रू. मॅनिफोल्ड बदलल्यावर ट्रॅक्टर 'उचलला' असं वाटते ते बरेचदा स्क्रू खोलल्यामुळं. डिझेल जास्त गेलं, चार दिवस जोर दिसला, मागून काळा धूर सुटला. काळा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल, तुमच्या खिशातून गेलेलं. पुढे पिस्टन तापते, हेड गॅस्केट जाते, ऑइल काळं पडते. क्लच आणि गिअरबॉक्स तर जुन्याच एचपीचे आहेत, त्यांना कोणी विचारलंच नाही. टर्बो किट बसवणाऱ्यांनाही हेच सांगणं आहे. कंपनी टर्बोचं इंजिन बनवते तेव्हा पिस्टन, ऑइलची व्यवस्था, कूलिंग सगळं त्या हिशोबानं करते. नुसता टर्बो लटकवून ते होत नाही.

आता आपल्या भागाचं बोलतो. राजूर म्हणजे एका बाजूला चुन्याच्या भट्ट्या, दुसऱ्या बाजूला कोळशाच्या खाणी, रस्त्यावर ट्रकांची रांग आणि वावरात काळी माती. वणी तालुक्यात धूळ किती हे बाहेरच्याला सांगून पटणार नाही. रोटाव्हेटर मागं चालतो तेव्हा ट्रॅक्टर स्वतःच्याच धुळीच्या ढगात उभा असतो. तासाला सव्वा लाख लिटर हवा त्या ढगातून ओढायची आहे. क्लीनरच्या पुढं होजला बोटभर चीर असली की धूळ गाळली न जाता थेट लायनरवर जाते. रिंगा आणि लायनर घासतात, कॉम्प्रेशन पडते, ट्रॅक्टर ओढत नाही. मग आपण म्हणतो, मॅनिफोल्ड बदला. ज्या नळीत आधीच धूळ शिरते तिचं तोंड मोठं करायचं, म्हणजे चोराला दार मोठं करून देणं.

आणि मे महिन्यात ट्रॅक्टर मंद वाटतो त्यात उन्हाचाही हात आहे. 25 अंशांच्या मानानं 45 अंशांत हवा साधारण सहा टक्के पातळ होते. ते मॅनिफोल्ड बदलून भरून निघत नाही. भारी नांगरट सकाळी उरकणं हाच इलाज.

पैसे काढायच्या आधी या क्रमानं पाहा:

1. एअर क्लीनर. ऑइलचा असेल तर वाटी रोज उघडा, निदान धुळीच्या दिवसांत तरी. तळाला गाळ बसला की ऑइल बदला. ऑइल खुणेपर्यंतच, वर नको. जास्त भरलं तर इंजिन ते ओढून घेते आणि आपोआप पळत सुटते, ते धोक्याचं आहे. वरची जाळीही डिझेलमध्ये धुवा. कोरडा फिल्टर असेल तर चाकावर आपटू नका, कागद फाटतो.

2. होज आणि क्लिपा. होज काढून आतून बोट फिरवा. क्लीनरच्या पुढच्या नळीत धूळ लागली तर हवा कुठून तरी चोरून जात आहे.

3. हवाबंद चाचणी. इंजिन अगदी हळू चालू ठेवून क्लीनरचं हवेचं तोंड सपाट जाड पाटीनं झाका, हातानं नको. इंजिन लगेच गुदमरून बंद पडलं पाहिजे. चालत राहिलं तर होज, मॅनिफोल्डचं गॅस्केट किंवा तडा, कुठं तरी गळती आहे. इथं मॅनिफोल्ड दोषी निघालं तर खुशाल बदला.

4. डिझेल फिल्टर, नोझल, पंप. नोझल तपासून घ्या, पंपाचं कॅलिब्रेशन मशीनवर करा. कानानं स्क्रू फिरवणाऱ्याकडून नको.

5. टॅपेट आणि कॉम्प्रेशन. निळा धूर असेल तर ऑइल जळते, रिंगांकडे पाहा. तिथं मॅनिफोल्डचा संबंध नाही.

6. चाकं. हे लोक विसरतात. ओल्या काळ्या मातीत ट्रॅक्टर ओढत नाही तेव्हा इंजिन कमी पडते की टायर घसरते ते खाली उतरून पाहा. घसरण पंधरा टक्क्यांच्या वर गेली तर एचपी वाढवून चाक फक्त जास्त फिरेल. टायरमध्ये पाणी भरणं किंवा वजन लावणं स्वस्त पडते.

माझ्या ट्रॅक्टरचं सांगतो. दोन वर्षांपूर्वी पराटीच्या वावरात रोटाव्हेटरला एकरी सात लिटरच्या आसपास डिझेल जात होतं. होज नवा टाकला, क्लीनर धुतला, तिन्ही नोझल तपासून घेतले. त्याच वावरात, त्याच गिअरवर सहाच्या आत आलं. मॅनिफोल्ड जुनंच आहे. एका वावराचा हिशोब आहे, त्याला कायदा समजू नका. पण मोजायची पद्धत सोपी आहे. टाकी काठोकाठ भरा, ठरलेलं वावर करा, पुन्हा काठोकाठ भरा, किती लिटर लागलं ते लिहून ठेवा. बदल करायच्या आधी एकदा, नंतर एकदा.

मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारची ट्रॅक्टर चाचणी संस्था आहे. तिथं पीटीओवर यंत्र लावून ताकद आणि डिझेल मोजतात, मगच आकडा छापतात. पाच-सात एचपी वाढते म्हणणाऱ्याला एवढंच विचारा की कशावर मोजली? उत्तर 'चालवून पाहा' असं आलं तर पैसे खिशातच ठेवा.

कृषी विज्ञान केंद्राचे आणि विद्यापीठाचे साहेब लोक हे पान वाचतात, त्यांना एक विनंती. माती परीक्षणाची शिबिरं होतात, तसं हंगामाआधी एक दिवस ट्रॅक्टर तपासणीचं शिबिर घ्या. पीटीओ मोजायचं यंत्र आणा, लोकांच्या जुन्या ट्रॅक्टरची खरी ताकद कागदावर लिहून द्या. नवीन ट्रॅक्टर घेणं सगळ्यांच्या हातात नाही. वीस-पंचवीस वर्षांच्या गाड्यांवर कितीतरी घरं चालतात, स्वतःची शेती आणि भाड्याची कामं दोन्ही. त्या गाडीला काय झालं हे मोजून कळलं तर माणूस ऐकीव गोष्टीवर बियाण्याचे पैसे लावणार नाही.

त्या भावानं काल होज काढून पाहिला. क्लिपेखाली चीर सापडली, आत मातीचा थर. आता नोझल तपासायला वणीला नेतो म्हणाला. इंजिन सुधारते की रिंगांपर्यंत काम गेलंय, ते समोर येईलच. काय निघालं ते पानावर टाकतो.

तुमच्यापैकी कोणी मॅनिफोल्ड बदललं असेल आणि आधी-नंतर डिझेल मोजलं असेल तर खाली लिहा. ट्रॅक्टरचं मॉडेल, अवजार आणि एकरी लिटर, एवढं पुरे. माझ्या विरोधात आकडा आला तरी चालेल, फक्त मोजलेला पाहिजे.