फुटलेल्या अंड्याचे गुण

गेल्या जानेवारीत कॅडेटना घेऊन दिल्लीला गेलो होतो. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या नवीन महाराष्ट्र सदनात जेवताना मुलांत शाळेच्या रॉकेट स्पर्धेचा विषय निघाला. कुणाचे रॉकेट किती उंच गेले, एवढीच चर्चा. पहिल्या आलेल्या रॉकेटचे पॅराशूट उघडलेच नव्हते आणि आतले अंडे मैदानावर फुटले होते, हे कुणी बोलले नाही. बोलतील कसे? उंचीलाच सगळे गुण देण्याचा नियम माझाच होता. तो चुकला, असे आज मला वाटते.

उंचावरून उपकरण धड खाली आणणे हे वर नेण्याइतकेच कठीण आहे. 60 किलोमीटरवर हवा समुद्रसपाटीच्या सुमारे 1/4000 इतकी विरळ असते. तिथे कापड फुगायलाच हवा पुरत नाही. खाली दाट हवेत येईपर्यंत थांबावे, तर वेग फार असतो. वेग दुप्पट झाला की कापडावरचा जोर चौपट होतो. मोठे पॅराशूट एकदम उघडले तर फाटते.

म्हणून गगनयानाच्या कुपीला 10 पॅराशूट आहेत. पहिली 2 झाकण ओढून काढतात, पुढची 2 कुपी स्थिर करून वेग कमी करतात, मग 3 लहान पॅराशूट 3 मुख्य पॅराशूटना बाहेर खेचतात. मुख्य पॅराशूटचे तोंडही आधी दोरीने आवळलेले असते. दोरी कापली गेल्यावरच ते पूर्ण फुलते. तिन्हींपैकी 2 उघडली तरी पुरतात. 21 ऑक्टोबर 2023 च्या चाचणीत कुपी अशीच बंगालच्या उपसागरात उतरली आणि नौदलाने ती बाहेर काढली.

यंदा उंचीला 40 गुण आणि अख्ख्या अंड्याला 60 द्यावेत, असे माझे मत आहे. पॅराशूटची घडी घालणाऱ्या कॅडेटने नोंदवहीत सही करावी. "सर, मग उंच कोण उडवणार?" असे एकाने विचारलेच. जरूर उडवा. पण उद्या तुमच्या हुकमावर माणसे निघतील, तेव्हा त्यांच्या परतीची तयारीही तुमच्याच नावावर असेल.

पालकहो, स्पर्धेनंतर मुलाला एवढेच विचारा: घडी कुणी घातली होती?