विंचवाचें बिऱ्हाड

गेल्या वर्षीं नाताळच्या सुटीपूर्वीं आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी आम्हांस भेटावयास आला. तो थायलंडांतील चिआंग माई ह्या शहरीं एकटाच राहतो. चाकरी मात्र न्यूयॉर्कच्या एका कंपनीची करितो. एक लॅपटॉप, भाड्याची खोली आणि इंटरनेट, एवढ्यावर त्याचा सारा प्रपंच चालतो. त्याची हकीगत ऐकून दहावीच्या वर्गांतील चौघे तरी आम्हांस म्हणाले, "सर, आम्हांसही असेंच करावयाचें आहे." त्या चौघांसाठीं हा लेख.

अशा लोकांस 'डिजिटल नोमॅड' म्हणतात. माकिमोटो व मॅनर्स ह्यांनीं १९९७ सालीं ह्याच नांवाचें पुस्तक लिहिलें, तेव्हां तें केवळ भाकीत होतें. २०२० सालीं कोरोनाच्या साथीनें कचेऱ्या ओस पडल्या आणि त्याच वर्षीं बार्बाडोस व एस्टोनिया ह्या देशांनीं अशा पाहुण्यांसाठीं निराळा परवाना काढिला. एस्टोनियाची अट महिना ३,५०४ युरो मिळकतीची होती. हा आंकडा ऐकून आमच्या शिक्षकांच्या खोलींत बराच वेळ हंशा चालला होता! थायलंडनें २०२४ च्या जुलैंत पांच वर्षांचा व्हिसा सुरू केला. त्यास पदरीं पांच लक्ष बाट दाखवावे लागतात, व एका खेपेस १८० दिवस राहतां येतें. तेव्हां हा मार्ग सर्वांस मोकळा आहे असें कोणीं समजूं नये.

परंतु आमची खरी चिंता पैशाची नव्हे. हिवाळ्यांत न्यूयॉर्क येथें सकाळचे नऊ वाजतात तेव्हां चिआंग माई येथें रात्रीचे नऊ वाजतात. गल्ली झोंपी जाते तेव्हां आमचा विद्यार्थी कामास बसतो आणि गल्ली जागी होते तेव्हां तो निजतो. एकदां त्यास चार दिवस सणसणून ताप होता. पहिली चौकशी न्यूयॉर्कहून झाली, आणि तीही काम कां आलें नाहीं म्हणून. हें त्यानें हंसत सांगितलें. आम्हांस हंसूं आलें नाहीं.

कोणी म्हणेल, पोटासाठीं परमुलुखीं जाणें आपणांस नवें का आहे? नाहींच. कोंकणांतील माणसें मुंबईच्या गिरण्यांत गेलीं. परंतु रात्रीं कोण जेवावयास आला नाहीं हें खानावळवालीस ठाऊक असे. बोटीवर जाणारे गोंवेकर ख्रिस्ती आपापल्या गांवच्या 'कुडांत' उतरत, आणि सायंकाळीं सर्वजण मिळून रोझरी म्हणत. प्रेषित पौलही हातीं धंदा घेऊनच फिरला. करिंथास तो अक्विल्ला व प्रिस्किल्ला ह्यांजकडे राहून तंबू करीत असे. पण दीड वर्षानें तेथून निघाला तेव्हां मागें एक मंडळी उभी होती.

आमचे कांहीं स्नेही ह्या तरुणांस स्वार्थी म्हणतात. तें आम्हांस मान्य नाहीं. प्रामाणिक श्रमाची भाकर कोठेंही बसून मिळविली तरी ती प्रामाणिकच. तथापि ज्या शहरांत आपण केवळ भाडें भरितों, त्याचेंही कांहीं देणें लागतों. २०२५ च्या जुलैंत मेक्सिको शहरांतील रहिवासी रस्त्यावर उतरले, तें अशाच परदेशी बिऱ्हाडकरूंमुळें कोंदेसा व रोमा ह्या वस्त्यांतील घरभाडीं आवांक्याबाहेर गेलीं म्हणून. कांहींनीं दुकानांच्या कांचाही फोडल्या. तें निंद्यच, पण तेवढ्यानें मूळ तक्रार खोटी ठरत नाहीं.

निघतांना आम्हीं आमच्या विद्यार्थ्यास विचारलें, "तुझ्या घरमालकिणीचें नांव काय?" तो गप्प राहिला. फेब्रुवारींत त्याचें पत्र आलें. मालकिणीचें नांव त्यांत होतें. शिवाय, गल्लीच्या तोंडाशीं तांदळाची पेज विकणाऱ्या बाईकडून तो थाई अंक शिकत आहे, आणि तो पेज घ्यावयास गेला नाहीं तर ती वर येऊन दार ठोठावते, असेंही त्यानें लिहिलें होतें.