खाणीला माणसे हवीत, पण माणसांना हुन्नर हवा



खाणी पुन्हा सुरू होऊ लागल्यापासून ‘आधी स्थानिकांना काम द्या’ ही मागणी आमच्या डिचोली, सत्तरी, सांगे भागातून जोराने होत आहे. मागणी रास्तच. पण कसले काम, हे कोणी विचारत नाही.

मी खाणपट्ट्यातील एका पॅरिश शाळेत ३४ वर्षे शिकवले. चीनकडून खनिजाची मागणी वाढली तेव्हा मुले शाळा अर्ध्यावर सोडू लागली. कोणी ट्रकवर गेला, कोणी पोकलेनवर हेल्पर म्हणून चढला आणि बघून बघून ऑपरेटर झाला. रागावलो तर म्हणत, “सर, तुमच्या पगाराइतके आताच मिळतात.” माझ्याकडे उत्तर नव्हते.

उत्तर २०१२ साली मिळाले. खाणी बंद पडल्या. मधे थोड्या चालल्या. सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजांचे नूतनीकरण रद्द केल्यावर मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. तेव्हा एक माजी विद्यार्थी घरी आला. बारा वर्षे मशीन चालवलेला. बाहेर नोकरी मागायला गेला तर प्रमाणपत्र विचारले. म्हणाला, “सर, हाताला सगळं येतं, पण कागदावर मी हेल्परच.” त्याच्याच वर्गातला दुसरा आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिक शिकलेला. नोकरी त्याचीही गेली, पण दोन महिन्यांत गॅरेजात लागला.

नवख्याला शिकवल्याशिवाय खाणीत उतरवू नये, असे १९६६ चे खाण व्यावसायिक प्रशिक्षण नियम सांगत आले. ते हवेच, जिवाचा प्रश्न आहे. पण ते काही दिवसांचे शिक्षण. त्याने माणूस सुरक्षित राहतो, कारागीर होत नाही.

काही जण म्हणतील, खाणी उद्या परत बंद झाल्या तर हे शिक्षण फुकट! उलट, म्हणूनच ते हवे. वेल्डर गोदीतही लागतो, इलेक्ट्रिशियन कुठेही.

डिसेंबर २०२२ मध्ये पट्ट्यांचा लिलाव सुरू झाला, २०२४ मध्ये त्यातली पहिली खाण चालू झाली. आता तरी दोन गोष्टी व्हाव्यात. ज्यांनी पट्टे घेतले त्यांनी जवळच्या आयटीआयला शिकायला चालू मशीन आणि शिकवायला जाणता माणूस द्यावा, शिकाऊ उमेदवारही तिथूनच घ्यावेत. आणि जुन्या ऑपरेटरांची सरकारने परीक्षा घेऊन त्यांना रीतसर प्रमाणपत्र द्यावे.

जमिनीतले खनिज एक दिवस संपणारच. हातातला हुन्नर तेवढा मुलांपाशी राहील.

— एक निवृत्त शिक्षक, डिचोली