क्षयाची गोळी आणि कंत्राटदाराची हजेरी

क्षयाचे जंतू रॉबर्ट कॉक यांनी १८८२ साली जगाला दाखविले. परंतु ते कोणाच्या छातीत घर करणार, हे दारिद्र्य त्यापूर्वीही ठरवीत होते व आजही ठरविते. पालघर जिल्ह्यात पूर्वेस जव्हार-मोखाड्याचे पाडे आहेत. पावसाळा सरताच तेथील आदिवासी कुटुंबे पोटासाठी वीटभट्ट्यांकडे निघतात. पश्चिमेस बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत आहे आणि तिच्याभोवती कामगारांच्या दाटीवाटीच्या खोल्या.

औषध मोफत आहे, असे सरकार सांगते. ते खरेच आहे. पण सहा महिन्यांच्या उपचाराची खरी किंमत गोळीत नसून बुडालेल्या रोजात असते. भट्टीवर गेलेल्या मजुराचा उपचार त्याच्यामागे कोण नेणार? खोकला लपवून पाळीवर जाणाऱ्या कामगाराला नोकरीची हमी कोण देणार? कामगार राज्य विमा योजनेत क्षयरुग्णास दोन वर्षांपर्यंत वेतनाच्या ८० टक्के लाभाची तरतूद आहे. मात्र तीस सलग दोन वर्षांच्या नोकरीची अट आहे. ज्याची हजेरी कंत्राटदाराच्या मर्जीने तुटते, त्याच्या हाती हा हक्क यावा कसा?

यावर उपाय म्हणून २०२२ साली ‘निक्षय मित्र’ पुढे आले : दानशूरांनी रुग्णास शिधा द्यावा! शिध्याचे मोल थोडे नाही. पोषक आहाराने रुग्णाच्या घरातील नवी लागण सुमारे ४० टक्क्यांनी घटते, हे झारखंडमधील प्रयोगाने २०२३ साली सिद्ध केले. मग जे अन्न औषधाइतके गुणकारी, ते कारखानदाराच्या औदार्यावर का सोडावे? गोळी हक्काची आणि भाकरी उपकाराची, हा कुठला न्याय? सरकार स्वतः देते ते महिना हजार रुपये, म्हणजे दिवसाला तेहतीस!

समाजकार्य म्हणजे शिधावाटपाचे छायाचित्र नव्हे, आणि उपाशी माणसाला धीराचे धडे देणेही नव्हे. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९४६ सालीच वैद्यकीय समाजसेवक नेमला गेला होता. आज प्रत्येक तालुक्यात असे कायम, पगारी समाजसेवक हवेत. मानधनावरच्या आशा सेविकेच्या शिरावर आणखी एक ओझे नको. स्थलांतरिताचा उपचार भट्टीपर्यंत पोहोचविणे, विम्याचा दावा लढविणे, आजारपणात काढलेल्या कामगारास परत कामावर घ्यावयास लावणे, हे त्यांचे कर्तव्य असावे आणि त्यासाठी हजेरीपट तपासण्याचा अधिकारही त्यांना असावा.

२०२५ पर्यंत क्षयमुक्तीची घोषणा २०१८ साली झाली. मुदत उलटली, रोग उरला. कारण जंतूवर औषध चालले, कंत्राटावर कोणी चालविलेच नाही.