मुलगी हुशार आहे, तिला कल्याणमित्र हवा

दरवर्षी आपल्या वस्त्यांतून मुली जीएनएमला प्रवेश घेतात. विहारात सत्कार होतो, पेढे वाटले जातात. मग चार-सहा महिन्यांत एखादीचा फोन येतो, "ताई, मला नाही जमणार. मी घरी येते." नर्सिंग करून पुढे वस्तीत आरोग्याचे काम करणाऱ्या आम्हा भगिनींना हे वाक्य आता पाठ झाले आहे. आमचे स्पष्ट मत आहे की, हे वाक्य बोलणाऱ्या मुलीत बुद्धीची कमतरता नसते. तिच्या शेजारी कोणी उभे नसते, ही खरी कमतरता आहे.

ही शंका मनात येते कुठून? मुलगी मराठी शाळेत शिकलेली असते आणि शरीररचनेचे पुस्तक इंग्रजीत असते. तोपर्यंत तिच्या घरच्यांनी दवाखाना पाहिलेला असतो तो केसपेपरच्या रांगेतून, नाहीतर सफाईच्या कामातून. होस्टेलवर पहिल्याच दिवशी आडनाव विचारले जाते. "कोट्यातली आहे" ही कुजबुज तिच्या कानावर पडते. रोज तेच ऐकले की मुलगी स्वतःकडे त्याच नजरेने पाहू लागते. पेपर चांगला गेला तर नशीब म्हणते, वाईट गेला तर आपली लायकीच नाही म्हणते.

हा विषय आरोग्याच्या पानावर का? कारण त्यात मुलीचे आरोग्य आहे आणि रुग्णाचेही. एक उदाहरण घ्या. आपल्याकडे इन्शुलिनच्या काही कुपींत एका मिलिलिटरला 40 युनिट असतात, काहींत 100. चाळीसची सिरिंज लाल टोपणाची, शंभरची नारिंगी टोपणाची. शंभरचे इन्शुलिन चाळीसच्या सिरिंजने त्याच आकड्यापर्यंत भरले, तर रुग्णाला अडीचपट डोस जातो आणि साखर एकदम खाली येते. जीवही जाऊ शकतो. "विचारले तर मला काही येत नाही असे म्हणतील," या भीतीने जी मुलगी गप्प राहते, तिची ती गप्पी धोक्याची आहे. जिचा स्वतःवर विश्वास आहे, ती सरळ म्हणते, "सिस्टर, दिण्याआधी एकदा बघता का?" आम्ही आत्मविश्वास म्हणतो तो याला. सगळे येते असे वाटणे म्हणजे आत्मविश्वास नाही. येत नाही ते न घाबरता विचारता येणे, हा आत्मविश्वास.

आमच्यापैकी अनेकजणी शिक्षणात टिकल्या त्या कोणा एका इन्चार्ज सिस्टरमुळे. त्यांनी कधी भाषण दिले नाही. पहिल्यांदा सलाईन लावताना त्या शेजारी उभ्या राहिल्या. आधी बोटाने शीर चाचपायला लावली, मगच सुई हातात दिली. काही सांगायचे असेल तर बाजूला नेऊन सांगितले आणि काम चांगले झाले तेव्हा साऱ्या वॉर्डसमोर सांगितले. नुसत्या "तू हुशार आहेस" म्हणण्याने शंका जात नाही. आपल्या हाताने नीट झालेले काम पाहिले की ती जाते. ते काम होईपर्यंत कोणीतरी थांबावे लागते.

भगवान बुद्धांनी आपला दीप आपणच व्हायला सांगितले, मग दुसऱ्याचा आधार कशाला, असे काहीजण विचारतात. पण त्याच बुद्धांनी आनंदाला समजावले आहे की कल्याणमित्र लाभणे ही धम्ममार्गातली अर्धी गोष्ट नव्हे, संपूर्ण गोष्ट आहे. बाबासाहेबांचेच पाहा. 1907 साली ते मॅट्रिक झाले तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुस्कर गुरुजींनी त्यांना आपण लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. पुढच्या शिक्षणासाठी सयाजीराव महाराजांकडे शब्दही टाकला आणि दरमहा 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. बुद्धी आणि कष्ट बाबासाहेबांचेच होते. गुरुजींनी ते वेळेवर ओळखले आणि ओळखून थांबले नाहीत, चार पावले सोबत चालले.

मात्र धीर देणे म्हणजे अन्याय सोसायला शिकवणे नव्हे. जातीवरून कोणी अपमान केला, तर तारीख, वेळ, शब्द आणि साक्षीदार त्याच दिवशी लिहून ठेवायला मुलीला सांगा. लेखी तक्रार द्यायला तिच्यासोबत जा. 1989 चा अॅट्रॉसिटी कायदा आहे, तो कपाटात ठेवण्यासाठी नाही.

नोकरीत स्थिरावलेल्या आपल्या प्रत्येक नर्स भगिनीकडे आमचे मागणे एवढेच आहे, की एकेका विद्यार्थिनीची जबाबदारी घ्या. आठवड्यातून एक फोन करा. रविवारी वंदनेनंतर विहारात तासभर बसून औषधांच्या मात्रेची गणिते सोडवून घ्या. परीक्षेआधी तोंडी प्रश्न विचारा. आपल्याला पहिल्या वर्षी काय जड गेले आणि ते कसे सुटले, हेही सांगा.

पालकांनी फोनवर फक्त मार्क विचारू नयेत. झोप लागते का, जेवण जाते का, छातीत धडधड होते का, हेही विचारावे. हा त्रास दोन आठवड्यांहून अधिक राहिला तर डॉक्टरांना दाखवावे. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा तोंडून आली तर मुलीला एकटी ठेवू नये, त्याच दिवशी मदत घ्यावी. 14416 हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक मोफत आहे, रात्रंदिवस चालतो. मनाचा इलाज घेण्यात कमीपणा नाही.

"मी घरी येते" असा फोन आला, तर "ये" किंवा "येऊ नको" म्हणण्याची घाई करू नका. "उद्या तुझ्याकडे कोण येऊ शकेल ते बघतो," एवढे म्हणा आणि खरोखर कोणाला तरी पाठवा.

जय भीम!